दारातून माघारी

"दुधात कुस्करून दे. कोरडी भाकर गिळवत नाही तिला," आई म्हणाली. "आन् भरवताना डाव्या अंगाला बस. उजव्या बाजूनं घास बाहेर येतो."

"मी जायची नाही."

"पाणी चमच्यानं दे. एकदम तांब्या लावू नको तोंडाला, ठसका लागतो."

"आई, मी जायची नाही म्हणाले ना."

आईनं डोळे उघडले. ते हळदीसारखे पिवळे झाले होते. दाराबाहेर मिशनची जीप उभी होती आणि सिस्टर क्लेमेन्सिया आईची गोधडी मागच्या बाकावर अंथरत होत्या. कावीळ अंगात भिनलीय, आठ दिवस तरी दवाखान्यात ठेवावं लागेल, असं त्यांनी सकाळीच बाबांना सांगितलं होतं.

"लुशी, एवढं कबूल कर मला," आई म्हणाली. "नाही तर मी गाडीत बसायची नाही."

ती खरंच बसली नसती. तिला मी ओळखत होते. म्हणून म्हणाले, "बरं. जाईन."

"रोज?"

"रोज."

मग ती उठली. बाबांच्या खांद्यावर हात टाकून जीपपर्यंत गेली. बसल्यावरही काच खाली करून म्हणाली, "डेऱ्यातलं पाणी बघत जा. तिला उठून घेता येत नाही."

ज्या बाईसाठी आईचा जीव असा अडकला होता, ती भामाबाई साळवे. माझ्या मोनिकाताईची सासू.

हे त्र्याऐंशी सालचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नगर जिल्ह्यात पाटाच्या कडेला आमची मिशन वस्ती होती. एक चर्च, चार खोल्यांची शाळा आणि विसेक घरं. बाबा धर्मशिक्षक होते. सायकलवरून आसपासच्या गावांत जायचे, पोरांना प्रार्थना शिकवायचे, फादर नसतील तिथे उपासना घ्यायचे. सगळे त्यांना बर्नबास मास्तर म्हणत. मोनिकाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला पाटापलीकडे साळव्यांच्या वस्तीवर दिली होती, जेमतेम अर्ध्या तासाच्या वाटेवर. नवरा जोकीम साखर कारखान्यात होता. दिसायला चांगला, बोलायला गोड, आणि दारू प्यायला की दुसराच कोणी.

लग्नाच्या चौथ्या वर्षी एका दुपारी त्यानं ताईला डोक्यात काहीतरी मारलं, केसांना धरून विहिरीपर्यंत ओढत नेलं आणि आत ढकललं. पाणी शेंदताना पाय घसरला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. पण त्याचा चुलतभाऊ सिल्वेस्टर लांबून, वावरातून पाहत होता. तो धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानं कोर्टात जे पाहिलं ते सांगितलं. माझ्या आईनंही साक्ष दिली. ताई नाताळला घरी आली तेव्हा तिच्या पाठीवर काय काय होतं, ते आईनं भर कोर्टात, पदर न सावरता सांगितलं.

भामाबाईनं मात्र शपथ घेऊन सांगितलं, "मी दारातच बसले होते. सून विहिरीवर गेली. पाय घसरला. मी डोळ्यांनी बघितलं."

वकिलांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती तेच म्हणाली, आणि तिसऱ्या वेळी आमच्याकडे बघून म्हणाली.

जोकीमला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत लकव्यानं भामाबाईची उजवी बाजू गेली. सिल्वेस्टरच्या घराशी तिनं आधीच वैर धरलं होतं, त्याच्या लेकराबाळांना शिव्याशाप दिले होते, त्यामुळे तिकडून कोणी फिरकेना. मुलगी सुरतेला होती, ती एकदा येऊन रडून गेली. म्हातारी एकटी खाटेवर पडून राहिली.

आणि एके दिवशी आईनं भाकरी फडक्यात बांधली आणि पाट ओलांडून गेली.

बाबांनी तिला दारात अडवल्याचं मला आठवतं. "कुणाला नेतेस? जिनं आपल्या पोरीचं मरण खोटं पाडलं तिला?"

"कोर्टात मी खरं ते सांगितलं," आई म्हणाली. "उद्या परत बोलावलं तर परत सांगीन. पण म्हातारी उपाशी पडलीय, मास्तर. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. आता कानांनी ऐकल्यावर मी काय करू?"

बाबा बाजूला झाले, पण त्या दिवसापासून आमच्या घरात भामाबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दर शनिवारी ते वस्तीतल्या पोरांकडून दयेची कृत्यं म्हणून घ्यायचे. भुकेल्यांना जेवू घालणं, तहानेल्यांना पाणी देणं, उघड्यांना वस्त्र देणं, अशी सातही. पोरं एका सुरात ओरडायची. बाबांनी ते म्हणून घेणं बंद केलं. त्याऐवजी ते जपमाळ शिकवू लागले.

दोन वर्षं आई रोज जात होती. पावसात, उन्हात, ताप असला तरी. मी तिच्याशी त्यावरून भांडत असे. "ताईला काय वाटत असेल?" असं मी एकदा तिला विचारलं. आईनं हातातलं पीठ झटकलं आणि चुलीकडे तोंड केलं. मग मीही बोलणं सोडून दिलं.

आई दवाखान्यात गेली त्याच दिवशी दुपारी मी भाकरी थापली, दूध तापवलं, डबा भरला आणि निघाले. मनात तिरस्कार होता, पण शब्द दिला होता. खरोखर देऊन यायचं, तोंडाकडे न बघता भरवायचं आणि परत यायचं, असं ठरवून मी निघाले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते ऐकणाऱ्याला मी पहिल्यापासूनच वाईट ठरवून गेले होते असं वाटेल. तसं नव्हतं.

साळव्यांच्या वस्तीवर मी चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. विहिरीवर कोणीतरी बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या. मी तिकडे न बघता दारापाशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, मुताचा वास, आणि खाटेवर एक लहानसं गाठोडं.

"इहीणबाई?" गाठोड्यातून आवाज आला. शब्द जड, अर्धवट. "आलीस का?"

मी उंबऱ्याशी थांबले. डोळे अंधाराला सरावले आणि मला तिच्या अंगावरचं पांघरूण दिसलं. ते मोनिकाताईचं लुगडं होतं. हिरवं, बारीक पिवळ्या काठाचं. तिच्या पहिल्या नाताळचं. ते नेसून ती आमच्या अंगणात गोल फिरली होती आणि "कशी दिसते गं?" म्हणून मलाच विचारलं होतं.

"कोण आहे?" भामाबाई म्हणाली. "इहीणबाई?"

माझ्या हातातला डबा थरथरत होता, झाकण वाजत होतं. ते तिला ऐकू येत असणार. मी मागे फिरले आणि चालू लागले. पाटाच्या पुलावर आले, डबा उघडला आणि भाकरी पाण्यात टाकली. दूधही ओतलं. पाण्यात पांढरा पट्टा पडला आणि लगेच नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी मी घरून डबा घेऊन निघाले, कारण शेजारची कासाबाई अंगणात धान्य निवडत बसली होती. पुलापर्यंत गेले, डबा रिकामा केला, थोडा वेळ बांधावर बसले आणि परत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. करताना मला काहीच वाटत नव्हतं. आधी राग होता, मग तोही नव्हता. एखादं रोजचं काम उरकावं तसं मी ते उरकत होते.

चौथ्या दिवशी बाबा दवाखान्यातून आले, आईसाठी धुतलेली लुगडी न्यायला. मी मोरीत डबा घासत होते. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.

"जाऊन आलीस?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच ते या गोष्टीबद्दल बोलले होते.

"हो," मी म्हणाले.

"बरं केलंस." ते वळले, मग थांबले. "कशी आहे?"

"बरी आहे."

त्यांनी मान हलवली. पिशवी सायकलला अडकवून ते गेले.

उपवासकाळ चालू होता. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट होती, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा स्थानं एकेक वाचत केलेली प्रार्थना. वस्तीवर बरं वाचणारी मीच, म्हणून दरवर्षी वाचन माझ्याकडे असे. सहाव्या स्थानाला मी वाचलं की वेरोनिका नावाची बाई शिपायांच्या गर्दीतून पुढे झाली आणि तिनं येशूचं रक्तानं माखलेलं तोंड आपल्या वस्त्रानं पुसलं. माझा आवाज कुठे अडखळला नाही. बाहेर पडल्यावर फादर म्हणाले, "लुसिया, आज तू फार छान वाचलंस." मला बरं वाटलं.

आई आठव्या दिवशी परत आली. डोळे अजून पिवळसर होते, चालताना भिंत धरत होती. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "म्हातारी कशी आहे?"

"बरी आहे. तू आधी पड."

"पडते मागनं. चल माझ्याबरोबर."

"अगं, डॉक्टरनी..."

"चल म्हणते ना."

सिस्टर रागावल्या, पण आई ऐकेना, तेव्हा त्यांनीच जीप पुलापर्यंत नेली. तिथून पुढे मी आईला धरून चालवत नेलं. मी पावलं मुद्दाम हळू टाकत होते. आईला वाटलं मी तिच्या ओझ्यानं दमले. दोनदा म्हणाली, "टेक जरा, पोरी."

आत पाऊल टाकलं आणि आईनं पदर नाकाला लावला. मग लगेच काढला.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई बाई बाई. इहीणबाई, हे काय झालं तुमचं?"

भामाबाई खाटेवर नव्हती. डेऱ्यापाशी जमिनीवर पडली होती. कशी सरपटत तिथवर गेली कोण जाणे. कोपर सोलून निघालं होतं. शेजारी पिठाचा डबा आडवा झाला होता आणि एका वाटीत पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ होतं, वरून वाळलेलं, त्यात बोटांचे ओरखडे. तिच्या हनुवटीवरही ते वाळून चिकटलं होतं. गाल आत गेले होते. डोळे तेवढे उघडे होते.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"ही येत नव्हती का?" आईनं विचारलं. "खरं सांगा. लुशी आली नाही का तुमच्याकडं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. भामाबाईनं मान किंचित फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. कोर्टात पाहिलं होतं तसं नाही. खूप वेळ पाहिलं. मग तिचे ओठ हलले.

"येत होती," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज... येत होती पोरगी. भाकर घेऊन." तिला धाप लागली. "मलाच... जात नव्हतं. तोंडाला चव नाही."

आई खाली बसली. आजारी बाई ती, पण तिनं भामाबाईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, मला पाणी तापवायला लावलं, तिचं अंग पुसलं, जखमेला तेल लावलं. मग खाटेवरचं हिरवं लुगडं घेऊन झटकलं आणि तिच्या अंगावर घातलं.

"आई, ते ताईचं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"मीच आणून दिलं होतं थंडीत," आई म्हणाली. "नाताळला आली तेव्हा विसरून गेली होती ना. पेटीत ठेवून कसर लागली असती."

मग तिनं ती पिठाची वाटी उचलली, बाहेर नेली, राखेनं घासून स्वच्छ धुतली आणि पालथी घालून ठेवली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही त्या वाटीबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

त्यानंतरचे सहा दिवस मीच जात होते. आईला उठवत नव्हतं आणि मी तिला उठू दिलंही नसतं. सकाळ-संध्याकाळ जायचे. दुधात भाकरी अगदी मऊ करून डाव्या गालात घालायचे. पण आता खरोखरच तिला जात नव्हतं. दोन घास झाले की ती डोळे मिटायची. सिस्टर येऊन नाडी बघून गेल्या, सुई टोचून गेल्या. "हृदय फार थकलंय," म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, "उपासानं झालं का असं?" त्या म्हणाल्या, "वयही झालंय, आजारही जुना आहे. कशानं झालं ते कसं सांगू?" त्यांना काही ठाऊक नव्हतं. आजही मला ते ठाऊक नाही.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी तिचं डोकं जरा साफ होतं. मी चमच्यानं पाणी पाजत होते. मला राहवलं नाही.

"तुम्ही आईला खरं का नाही सांगितलंत?"

तिनं घोट गिळला.

"पहिल्या दिवशी तू दारात होतीस," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत होती. "झाकण वाजत होतं डब्याचं. मी वळखलं. इहीणबाईचा पाय तसा नाही वाजत. मग तू गेलीस माघारी."

"हो."

"मी पण त्या दिवशी दारातच होते."

मी चमचा खाली ठेवला.

"त्यानं तिला ओढत नेलं तवा. तिनं मला हाक मारली. 'आत्याबाई,' म्हणली. 'आत्याबाई, धरा ना याला.' दोनदा म्हणली." तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. उजवा कोरडाच होता. "मी आत गेले. दार लावून घेतलं. कडी घातली."

बाहेर कुठेतरी होला घुमत होता. मी ते ऐकत बसले. तिचा गळा आवळावा असं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी माझ्या हातात तिच्यासाठी कुस्करलेल्या भाकरीची वाटी होती.

"तुला काय म्हणू मी?" ती म्हणाली. "कोणत्या तोंडानं म्हणू? तू तर आलीस तरी परत."

"मी आले नाही. आईनं आणलं."

"आता येतेस ना."

तिनं दमून डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तिला सांगशील का, इहीणबाईला? हाक मारल्याचं?"

"तुम्हाला सांगायचंय का?"

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या मनात असलं तर सांग."

मी आईला सांगितलं नाही. आई वारली तोपर्यंत नाही. ताईनं कुणाला तरी हाक मारली होती आणि ते दार बंद झालं होतं, हे ऐकून आईनं काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित दुसऱ्या दिवशीही ती भाकरी बांधून निघाली असती. पण ते तिच्यावर घालायचं मला धैर्य झालं नाही.

भामाबाई त्याच पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सकाळी गेली. मी पोहोचले तेव्हा अंग अजून कोमट होतं. फादर लांबच्या गावी होते, गुरुवारशिवाय येणार नव्हते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तिला ठेवून चालणार नव्हतं. मी घरी येऊन आईला सांगितलं. बाबा ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, सायकल काढली आणि कुठे जातो ते न सांगता गेले. तासाभरानं परतले तेव्हा त्यांच्यामागे सिल्वेस्टर आणि त्याचे दोन भाऊ फावडी घेऊन येत होते. बाबांनी त्यांना काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. सिल्वेस्टर बाबांना खूप मानायचा. एवढंच.

दफनाची प्रार्थना बाबांनीच घेतली. पुस्तकात जिथे मेलेल्याचं नाव घालायचं असतं, तिथे ते आले आणि थांबले. आम्ही सगळे मातीकडे बघत उभे होतो.

"आमची बहीण भामाबाई," ते म्हणाले, आणि पुढचं वाचू लागले.

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी मी फादरांकडे पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, पाट, डबा, बाबांशी बोललेलं खोटं. फादर जाळीपलीकडून म्हणाले, देवानं क्षमा केली आहे, आता तूही स्वतःला कर. पहिल्या गोष्टीवर माझा विश्वास आहे. दुसरी मला जमली नाही.

आणखी चार वर्षं गेली. मी वस्तीवरच्या शाळेत शिकवू लागले होते. मे महिन्याची सुट्टी होती, आई-बाबा एका लग्नाला गेले होते, मी एकटीच घरी होते. दुपारी अंगणाच्या फाटकाशी कोणीतरी उभं असल्याचं दिसलं. केस पांढरे झालेला, खांदे उतरलेला माणूस. मी ओळखलं नाही. मग त्यानं डोकं वर केलं आणि मी जोकीमला ओळखलं.

तो फाटकाच्या बाहेरच उभा होता.

"अगाथामावशी आहेत का?" जोकीमनं आईचं नाव घेऊन विचारलं.

"नाहीत."

"मास्तर?"

"तेही नाहीत."

त्यानं मान हलवली, पण हलला नाही. "तुरुंगात फादर यायचे," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं. माझ्या आईला शेवटपर्यंत तुमच्या घरून भाकर जायची म्हणून. मी... पाया पडायला आलो होतो. मावशीच्या."

मी त्याला तिथूनच हाकलून देऊ शकले असते. काही न बोलता दार लावून घेऊ शकले असते. खरं सांगायचं तर मी दाराला हातही लावला होता.

"शेवटपर्यंत नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आई दवाखान्यात होती तेव्हा काम माझ्यावर होतं. सात दिवस मी तिला काही दिलं नाही. भाकरी पाटात टाकली. ती कच्चं पीठ कालवून खात होती. त्यानंतर आठवड्याभरात ती गेली."

जोकीमनं फाटकाची पट्टी धरली. त्याचे हात मोठे होते, ते हात मी ताईच्या लग्नात पाहिले होते. मला वाटलं तो आता आत येईल. मी मागे सरकले नाही.

"तिनं सांगितलं हे मावशीला?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाही. रोज येत होती म्हणून सांगितलं. मला वाचवलं तिनं."

तो तिथेच खाली बसला, रस्त्याच्या धुळीत, फाटकाला पाठ लावून. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. पाठ हलत होती. मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि फाटकावरून त्याच्यापुढे धरला. त्यानं वर न बघता घेतला आणि प्याला.

"कुठं ठेवलंय तिला?" त्यानं विचारलं.

"चला," मी म्हणाले.

कबरस्तान चर्चच्या मागे होतं. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. तो माझ्यापासून चार पावलं मागे चालत होता. भामाबाईच्या लाकडी क्रुसाला बाबा दरवर्षी मृतांच्या दिवशी चुना द्यायचे, त्यामुळे नाव नीट वाचता येत होतं. जोकीम गुडघ्यांवर बसला, मातीवर दोन्ही हात ठेवले आणि काही पुटपुटला. मग उठला. जाण्यासाठी वळला नाही. एकेका क्रुसाकडे बघत राहिला, या ओळीतून त्या ओळीकडे. ताईला पुरलं तेव्हा तो कोठडीत होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तो विचारणार नव्हता, हे मला कळलं. मी काही बोलले नसते तर तसाच गेला असता.

"ताई तिकडं आहे," मी म्हणाले. "भिंतीला लागून. तिसरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चप्पल काढून ठेवली आणि तापलेल्या मातीतून अनवाणी तिकडे गेला. तो तिथे काय म्हणाला, किती वेळ होता, ते मी पाहिलं नाही. तो परत येईपर्यंत मी त्याच्या आईपाशी उन्हात उभी राहिले.